वर्ध्याचे खानखोजे, भोपाळचे बरकतुल्ला आणि पुन्हा वापरलेली किल्ली

वर्ध्याचे नाव घेतले की सेवाग्राम आठवते. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला गेले आणि पुढे कित्येक वर्षे देशाच्या राजकारणाची पत्रे वर्ध्याच्याच टपाल कचेरीतून ये-जा करत राहिली. ती उघडी पत्रे होती. सरकारने वाचायची असतील तर वाचावीत, आम्हाला लपवायचे काही नाही, ही गांधीजींची भूमिका होती. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर भूमिगत कार्यकर्त्यांनाही त्यांनी बाहेर येण्याचाच सल्ला दिला.

पण याच वर्ध्यात गांधीजी येण्याच्या पन्नासएक वर्षे आधी एक मुलगा जन्मला होता. त्याने नेमका उलटा रस्ता धरला. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्याचे नाव. गुप्त संघटना, खोटी नावे, परक्या देशांतून हत्यारे, सांकेतिक पत्रे असा तो रस्ता. त्या रस्त्यावरच्या लोकांचा घात कशाकशाने झाला याचा विचार करताना मी एका अशा चुकीपर्यंत पोचलो, जी आजचे संगणकतज्ज्ञही वारंवार करतात. एकाच किल्लीने दोन कुलपे लावण्याची ही चूक. तिची हकीकत सांगण्यासाठी हा लेख.

उर्दूतले वर्तमानपत्र आणि वर्ध्याचा माणूस

खानखोजे तरुणपणी जपानमार्गे अमेरिकेला गेले. पश्चिम किनाऱ्यावर त्यांनी शेतीशास्त्र शिकले आणि कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी शाळेत कवायत शिकली. १९१३ साली तिथल्या पंजाबी मजुरांनी आणि हिंदुस्थानी विद्यार्थ्यांनी मिळून जी संघटना उभी केली, ती गदर पार्टी. सोहनसिंग भकना तिचे अध्यक्ष होते, लाला हरदयाळ चिटणीस, आणि खानखोजे पहिल्या फळीतले एक. पार्टीचे 'गदर' हे पत्र १ नोव्हेंबर १९१३ला निघाले ते उर्दूत, मग गुरुमुखीत. आज उर्दू म्हटले की कपाळावर आठी घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. वर्ध्याचा मराठी माणूस ज्या क्रांतीसाठी घर सोडून गेला होता, तिचा पहिला अंक उर्दूत छापला गेला.

१९१४ साली याच मंडळींत मौलाना बरकतुल्ला भोपाळी येऊन मिळाले. ते त्याआधी टोकियो विद्यापीठात हिंदुस्थानी शिकवत होते. ब्रिटिशांच्या दबावामुळे त्यांची नोकरी गेली आणि ते सॅन फ्रान्सिस्कोला आले. पुढच्याच वर्षी, १ डिसेंबर १९१५ रोजी, काबूलमध्ये हिंदुस्थानचे हंगामी सरकार जाहीर झाले. राजा महेंद्रप्रताप राष्ट्राध्यक्ष, मौलाना बरकतुल्ला पंतप्रधान, मौलाना उबैदुल्ला सिंधी गृहमंत्री. याच काळात खानखोजे तुर्कस्तान आणि इराणच्या बाजूने हिंदुस्थानच्या सरहद्दीपर्यंत पोचण्याची खटपट करत होते. त्यांच्या मोहिमेतल्या काहींनी मुसलमान नावे घेतली होती.

गुपित फुटण्याचे तीन प्रकार

या सगळ्या प्रयत्नांचे पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे. पण ते कसे झाले, हे वेगवेगळे करून पाहण्यासारखे आहे.

पहिला प्रकार फितुरीचा. २१ फेब्रुवारी १९१५ रोजी लष्करी छावण्यांत उठाव करायचा बेत होता. किरपालसिंग नावाच्या खबऱ्याने तो पोलिसांना सांगितला. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे मार्चमध्ये मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फासावर गेले.

दुसरा प्रकार पत्र भलत्याच्या हाती पडण्याचा. जुलै १९१६ मध्ये उबैदुल्ला सिंधींनी काबूलहून शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्यासाठी पिवळ्या रेशमी कापडावर पत्रे लिहिली आणि एका विश्वासू माणसाकरवी पाठवली. हाच तो रेशमी रुमाल. कापड अंगरख्यात शिवता येते, चुरगळले तरी वाजत नाही, ही त्यामागची युक्ती. ते मुलतानला रब नवाज खान या खानबहादुराच्या हाती लागले आणि त्याने ते थेट इंग्रज अधिकाऱ्यांकडे दिले. पत्रांतला मजकूर सरळ वाचता येणारा होता. कापड सापडले आणि सगळी माणसे, सगळे मनसुबे एका दमात उघडे पडले. शेखुल हिंदना हिजाजमध्ये अटक होऊन १९२० पर्यंत माल्टाच्या कैदेत राहावे लागले. हुसैन अहमद मदनीही त्यांच्याबरोबर होते.

तिसरा प्रकार अमेरिकेत घडला. तिथे पत्रे सांकेतिक लिपीत होती. पत्रे शत्रूच्या हाती पडली तरी वाचता येऊ नयेत अशीच रचना होती. तरीही ती वाचली गेली, आणि वाचणाऱ्याला कोणी फितूर भेटला नव्हता.

फ्रीडमन यांच्या टेबलावरची पत्रे

बर्लिनमधल्या हिंदुस्थानी क्रांतिकारकांच्या समितीने हेरंबलाल गुप्ता यांना अमेरिकेत पाठवले होते. १९१६ मध्ये त्यांची जागा चंद्रकांत चक्रवर्ती यांनी घेतली. त्यांच्या पत्रांत मोक्याच्या ठिकाणी शब्दांऐवजी आकडे असत. यातली पत्रे १९१७ साली इलिनॉय राज्यातल्या रिव्हरबँक नावाच्या खासगी प्रयोगशाळेत पोचली. तिथे विल्यम फ्रीडमन नावाचा एक तरुण काम करत होता. तो मूळचा वनस्पतींच्या आनुवंशिकतेचा अभ्यासक. हा योगायोग मला नेहमी विचित्र वाटतो, कारण खानखोजे यांनीही पुढे मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर काम करूनच नाव कमावले.

पत्रांत दोन पद्धती होत्या. एकीत आकड्यांचे तीन-तीनचे गट होते: पुस्तकाचे पान, पानावरची ओळ, ओळीतले अक्षर. दोन्ही टोकांना तेच पुस्तक असले की निरोप वाचता येतो. पुस्तक कोणते हे फ्रीडमन यांना माहीत नव्हते, तरी त्यांनी बहुतेक मजकूर काढला. नंतर पुस्तकही सापडले. प्राइस कोलियर या अमेरिकन लेखकाचे जर्मनी आणि जर्मन लोकांवरचे पुस्तक होते ते.

पुस्तक नसताना हे कसे जमले? लिहिणारा माणूस आळशी असतो. एकदा सापडलेले अक्षर तो परत परत वापरतो, तेच पान, तीच ओळ. समजा आपण अंदाज केला की एखाद्या ठिकाणचा शब्द 'इंडिया' असावा. अंदाज खरा असेल तर त्या शब्दातल्या प्रत्येक आकड्याचे अक्षर कळते, आणि तोच आकडा पत्रात आणखी जिथे आला असेल तिथेही अक्षर उलगडते. शिवाय एका ओळीतले तिसरे, चौथे आणि सहावे अक्षर कळले की पाचवे काय असेल याचा तर्क करता येतो, कारण ती ओळही कुणी तरी लिहिलेले इंग्रजी वाक्यच आहे. हळूहळू पत्र आणि पुस्तक दोन्ही एकमेकांच्या आधाराने उभी राहतात.

दुसऱ्या पद्धतीत अक्षरांचे आधी आकडे करत आणि त्यांत एका छोट्या परवलीच्या शब्दाचे आकडे मिळवत. शब्द संपला की परत पहिल्यापासून. म्हणजे एकच आखूड किल्ली पत्रभर फिरत राहायची. ठरावीक अंतरावरची सगळी अक्षरे एकाच आकड्याने झाकलेली असतात, हे लक्षात आले की गुंता सुटू लागतो.

नोव्हेंबर १९१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठा खटला उभा राहिला. फ्रीडमन साक्षीला उभे राहिले. एप्रिल १९१८ मध्ये खटल्याच्या अखेरच्या दिवशी भर कोर्टात रामसिंग या आरोपीने गदरचे रामचंद्र यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि तो स्वतःही तिथेच मारला गेला. इतिहासात हा 'हिंदू-जर्मन कट खटला' म्हणून ओळखला जातो. आरोपींत शीख होते, चळवळीत मौलाना होते, पण अमेरिकनांच्या लेखी हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक माणूस हिंदू. बरकतुल्लांनाही ते हिंदूच म्हणत. त्या शब्दाचा तो अर्थ आपण किती लवकर विसरलो!

चार आकड्यांचा हिशेब

आता किल्ली परत वापरण्यात नेमका धोका काय, ते साध्या हिशेबाने पाहू. लहानपणी आपण सगळेच 'च'ची भाषा बोललो आहोत. 'घर'चे 'चरघ' करायचे. ती युक्ती एकदा कळली की सगळेच कळते, कारण तिच्यात किल्लीच नाही. खऱ्या सायफरमध्ये पद्धत जगाला माहीत असली तरी चालते, गुप्त असते ती फक्त किल्ली.

समजा मला १८५७ हा आकडा गुपचूप पाठवायचा आहे. माझी किल्ली आहे ६४९२. प्रत्येक आकड्यात किल्लीचा आकडा मिळवायचा आणि हातचा सोडून द्यायचा. १ आणि ६ सात. ८ आणि ४ बारा, म्हणून २. ५ आणि ९ चौदा, म्हणून ४. ७ आणि २ नऊ. निरोप झाला ७२४९. किल्ली कुणाला माहीत नसेल आणि ती सोंगट्या टाकून निवडली असेल, तर ७२४९ वरून मूळ आकडा कोणीही, कितीही हुशार असला तरी, काढू शकत नाही. मूळ आकडा काहीही असू शकतो.

आता दुसऱ्या दिवशी मी कंटाळा केला आणि त्याच किल्लीने १९१५ पाठवले. ते झाले ७३०७. चोरून ऐकणाऱ्याकडे दोन निरोप आले. तो पहिल्यातून दुसरा वजा करतो, पुन्हा हातचा सोडून: ०९४२. या वजाबाकीत किल्ली उरलेलीच नाही! दोन्हीकडे ती सारखी होती, म्हणून कापली गेली. १८५७ मधून १९१५ अशाच रीतीने वजा करून पाहा, ०९४२ च येईल.

आता ऐकणाऱ्याला फक्त अंदाज करायचा आहे. हा माणूस क्रांतिकारक, म्हणजे पहिला निरोप १८५७ असेल का? १८५७ मधून ०९४२ काढले की १९१५ उरते. नीट साल मिळाले, अंदाज बरोबर. १९४७ धरून पाहिले तर १००५ येते, ते काही जुळत नाही. चार आकड्यांत असे योगायोग घडू शकतात. पण चार ओळींच्या पत्रात चुकीचा अंदाज पुढच्या दोन शब्दांतच उघडा पडतो. माणसाची भाषा हीच त्याची चुगली करते.

भाषा चुगली करते हे पहिल्यांदा शास्त्रशुद्ध लिहून ठेवले ते नवव्या शतकात, बगदादच्या अबू युसुफ अल-किंदी यांनी. कोणत्याही भाषेत काही अक्षरे जास्त येतात, काही कमी. सांकेतिक मजकुरातली चिन्हे मोजा आणि त्या भाषेच्या साध्या मजकुराशी ताडून पाहा, असे त्यांनी सांगितले. या विषयावर आज उपलब्ध असलेले ते सर्वांत जुने लिखाण आहे, आणि त्याची हस्तलिखित प्रत इस्तंबूलमध्ये आहे. 'सायफर' हा शब्दही अरबी 'सिफ्र'वरून आला, आणि 'सिफ्र' म्हणजे आपले शून्य. हिंदुस्थानातले शून्य अरबांनी नेले, अरबांची विद्या युरोपने घेतली, आणि हजार वर्षांनी ती विद्या एका अमेरिकन टेबलावर हिंदुस्थानी क्रांतिकारकांच्या पत्रांवर चालवली गेली.

हीच चूक मोठ्यांनीही केली

यावरून आपले क्रांतिकारक अडाणी होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. खटला उभा राहिला त्याच १९१७ साली अमेरिकेत गिल्बर्ट व्हर्नम या अभियंत्याने तारयंत्रासाठी नवी युक्ती काढली: निरोपाच्या पट्टीबरोबर किल्लीची दुसरी पट्टी चालवायची आणि दोन्हींची बेरीज तारेवर सोडायची. किल्ली निरोपाइतकीच लांब, पूर्णपणे बेभरवशाची आणि एकदाच वापरून जाळून टाकायची असेल, तर हे कुलूप फुटत नाही. आजचे स्ट्रीम सायफर याच कल्पनेचे वंशज आहेत. त्यांत एका छोट्या किल्लीपासून यंत्र लांबलचक आकड्यांची धार तयार करते आणि ती निरोपात मिसळते. अट तीच, की एका धारेत एकच निरोप.

३० ऑगस्ट १९४१ रोजी अथेन्सहून व्हिएन्नाला एका जर्मन लष्करी ऑपरेटरने सुमारे ४,००० अक्षरांचा संदेश यंत्राने पाठवला. पलीकडच्याला तो नीट मिळाला नाही, त्याने परत मागितला. ऑपरेटरने यंत्राची चाके पुन्हा त्याच जागी फिरवली आणि मजकूर परत टंकला. पण कंटाळून त्याने काही शब्दांची काटछाट केली. दोन जवळजवळ सारखे निरोप, एकच धार. इंग्लंडमध्ये जॉन टिल्टमन यांनी दहा दिवस हाताने खपून दोन्ही निरोप आणि सगळी धार वेगळी केली. तिच्यावरून बिल टट या तरुण गणितीने ते यंत्र आतून कसे असेल हे न पाहता मांडले.

हे टिल्टमन १९२१ ते १९२९ या काळात सिमल्याला हिंदुस्थानच्या लष्करी मुख्यालयात होते, आणि मॉस्को, काबूल, ताश्कंद यांच्यातले रशियन तारसंदेश उलगडत होते. १९२० च्या हिजरतीत घर सोडून गेलेले मुहाजिर ताश्कंदला पोचले होते आणि १९२१ साली खानखोजे मॉस्कोत होते, हे ध्यानात घेतले की सिमल्याच्या त्या खोलीचे महत्त्व कळते.

रशियनांनीही तीच चूक केली. युद्धाच्या धामधुमीत, १९४२ च्या सुमारास, एकदाच वापरायच्या किल्ल्यांची हजारो पाने त्यांच्या छापखान्यात दोनदा छापली गेली. १९४३ पासून अमेरिकन लष्कराच्या एका गटाने ते संदेश ताडून पाहायला सुरुवात केली. हे काम व्हेनोना नावाने ओळखले जाते आणि १९९५ साली ते जगापुढे आले. सुमारे ३,००० संदेश पूर्ण किंवा अर्धवट वाचले गेले. ज्या लष्करी संस्थेने ते केले, तिची उभारणी १९३० साली विल्यम फ्रीडमन यांनीच केली होती.

आणि आपल्या घरात? वायफायची पहिली कुलूपपद्धत, डब्ल्यूईपी, स्ट्रीम सायफरवरच चालत असे. दर निरोपाला धार बदलावी म्हणून किल्लीला एक आकडा जोडला जाई. तो इतका लहान ठेवला होता की १,६७,७७,२१६ निरोपांनंतर परत तोच आकडा येणे भाग होते, आणि गजबजलेल्या जाळ्यात तेवढे निरोप काही तासांत होतात. २००१ सालापर्यंत या पद्धतीचे असे अनेक दोष उघड झाले आणि ती पुढे टाकून द्यावी लागली. २०१७ साली तिच्या जागी आलेल्या पद्धतीतही यंत्राला जुनीच धार पुन्हा वापरायला भाग पाडता येते, असे बेल्जियमच्या एका संशोधकाने दाखवले.

चूक कुठे होती

शंभर वर्षांतल्या या सगळ्या चुका शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. पद्धत सहसा ठीकच असते. अडचण असते ती नवी किल्ली पोचवण्याची. बर्लिन, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, काबूल अशा हजारो मैलांवर पसरलेल्या, पैसा नसलेल्या, पाळतीखाली असलेल्या लोकांनी दर पत्राला नवी किल्ली कशी पाठवायची? म्हणून ते बाजारात मिळणाऱ्या पुस्तकाचा आधार घेत, सोपा शब्द परत परत वापरत. ऑपरेटर थकलेला होता, छापखान्यावर ताण होता, अभियंत्याला काम लवकर संपवायचे होते. किल्ली परत वापरली जाते ती बहुधा थकव्याने आणि टंचाईने.

गांधीजींनी वर्ध्यात या प्रश्नावर वेगळेच उत्तर काढले होते. ज्याला किल्लीच लागत नाही असे राजकारण करायचे. त्या उत्तराची ताकद आपण पाहिली. पण १९१५ साली ज्यांना उघड बोलायची सोय नव्हती, त्यांच्या गुप्ततेला कमीपणा आणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मौलाना बरकतुल्ला १९२७ साली सॅन फ्रान्सिस्कोत वारले आणि सॅक्रामेंटोत दफन झाले. भोपाळच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, कबर मात्र परदेशातच राहिली. खानखोजे मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर, भाकरी वाटून खाणाऱ्यांच्या चित्रात, त्यांना रंगवले. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात वारले. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा बसला.

त्यांच्या साथीदारांची सांकेतिक पत्रे परक्यांनी मेहनतीने वाचली. उर्दूत छापलेला 'गदर' मात्र साध्या, उघड्या लिपीत आहे, त्याला कसलीही किल्ली लागत नाही. तो आपण, मराठी वाचकांनी, मुसलमानांनी आणि इतरांनीही, अजून नीट वाचलेला नाही. वर्ध्याला जाल तेव्हा सेवाग्रामला जरूर जा. पण याच गावचा एक माणूस एका मौलानांच्या बरोबरीने त्या उर्दू पत्राच्या चळवळीत होता, हेही कुणाला तरी सांगा.